मग हे कुठे लिहायचे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाची तक्रार छापून आली. नातवाने मोबाइलवर त्यांना त्यांच्या गावाचे मराठी विकिपीडियावरचे पान दाखवले. पाहतात तो गाव शेजारच्या तालुक्यात नेऊन बसवलेले! ‘संबंधितांनी याची त्वरित दखल घेऊन दुरुस्ती करावी’ असा त्यांनी पत्राचा शेवट केला आहे. त्यांचा संताप मला पटला. आपले गाव दुसऱ्याच्या दप्तरात चढलेले कोणाला खपेल? पण ‘संबंधित’ कोण, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. ज्याच्या टेबलावर आपला अर्ज जाऊन पडेल असा साहेब विकिपीडियाला नाही. ते पान तुमच्या-माझ्यासारख्याच कोणीतरी फावल्या वेळात लिहिले आहे. पत्र लिहायला या गृहस्थांना जेवढा वेळ लागला असेल, त्याच्या दहाव्या हिश्शात ते ती दुरुस्ती स्वतः करू शकले असते.

मी वाईचा. एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. सुरुवात खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या शिशाच्या अक्षरांच्या जमान्यात झाली, शेवट संगणकावर. आमच्या वेळी गॅली प्रुफाला, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापाला, ओल्या शाईचा वास असे आणि वेलांटी चुकली की अक्षरे जुळवणारा कंपोझिटर चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवत असे; मनातल्या मनात मला शिव्या देत, हे सांगायला नको. निवृत्त झालो तेव्हा हाताला काम राहिले नाही, डोळ्याची खोड तेवढी उरली. लग्नपत्रिका आली की मी आधी चुका वाचतो आणि मग नवरा-नवरीची नावे, अशी घरात माझी ख्याती आहे.

वाईत ‘कोश’ हा शब्द कोणाला परका नाही. प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोश आणि मीमांसाकोश निघाले. पुढे मराठी विश्वकोशाचे कामही इथूनच चालले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना आम्ही पोरे लांबूनच बघत असू. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि वीस खंड पुरे व्हायला चार दशकांच्या आसपास लागली. गंगापुरीतल्या त्या कचेरीवरून मी वर्षानुवर्षे सायकलने गेलो, पण आत पाऊल टाकण्याची माझी छाती झाली नाही. कोश म्हणजे शास्त्र्यांचे काम, आपण फार तर त्यातल्या वेलांट्या बघाव्यात, हेच डोक्यात बसलेले. मला वाटते, पुष्कळ मराठी माणसांच्या डोक्यात अजून तेच बसलेले आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मी वाईविषयी काही वाचत होतो. एका पानावर कृष्णेच्या ‘तिरावर’ असे आले. तीर शब्द तत्सम, ‘तीरावर’ हवे. कोणाला कळवावे म्हणून पत्ता शोधू लागलो. वरच्या बाजूला ‘संपादन’ अशी अक्षरे होती. मला वाटले, संपादकांना गाठायची सोय असावी. दाबले, तर तो अख्खा मजकूरच माझ्यापुढे उघडा पडला! कोणी नाव विचारले नाही, पात्रता विचारली नाही. मी ‘ति’ची ‘ती’ केली, ‘बदल प्रकाशित करा’ दाबले आणि परक्याच्या शेतातले कणीस मोडल्यासारखा लॅपटॉप मिटून टाकला. सकाळी बघतो तर ‘तीरावर’ जागच्या जागी!

ज्याने छापखान्यात आयुष्य काढले त्यालाच यातली गंमत कळेल. जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढून हजार कागद पडले की दिसलेली चूक पोटात घालावी लागते. फार तर शेवटच्या पानावर शुद्धिपत्र. ते कोणी वाचत नाही आणि बहुधा त्यातही एखादी चूक असते. इथे चूक दिसली, काढली, संपले. आपण उलटी चूक केली तरी बिघडत नाही. ‘इतिहास पहा’ या कळीमागे त्या पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती तारीख-वेळेसह जपलेली असते आणि कोणीही ती पुन्हा जागेवर आणू शकतो. नवीन माणसाला सगळ्यात मोठी भीती वाटते ती ‘आपल्या हातून काही मोडले तर?’ याची. आमच्या ट्रेडल या छपाई मशीनवर बोटे जायची. इथे काही जात नाही.

तर माझे पाऊल असे वेलांटीवरून पडले. पुढे काही वर्षे मी तेच केले. ‘जेष्ठ’चे ‘ज्येष्ठ’, ‘आशिर्वाद’चे ‘आशीर्वाद’. (शोधचौकटीत ‘जेष्ठ’ एवढेच लिहून बघा, दिवसाचे काम मिळेल.) मग लेख लिहू लागलो. तिथली भाषाही अंगवळणी पडली. नवख्याला हात साफ करायला दिलेल्या कोऱ्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात, सगळ्यांनी जमून बोलायच्या जागेला ‘चावडी’, आणि ठरलेली कामे आपोआप उरकणाऱ्या यंत्राला ‘सांगकाम्या’. इंग्रजी शब्द न उचलता ज्यांनी हे शब्द बसवले त्यांना माझा नमस्कार. सकाळच्या चहाबरोबर ‘अलीकडील बदल’ची यादी उघडायची आणि रात्रीत कोणी काय लिहिले ते तपासायचे, हा माझा नेम झाला. आणि या नेमातच माझ्याकडून जे झाले ते सांगण्यासाठी, खरे तर, हे पत्र लिहीत आहे.

एका सकाळी एका गावाच्या पानावर नव्या सदस्याने घातलेला लेख दिसला. गाव आमच्याच तालुक्यातले, लेख तिथल्या यात्रेविषयी. सात-आठ परिच्छेद, संदर्भ एकही नाही. ‘आमच्या गावची यात्रा’, ‘अत्यंत जागृत देवस्थान’, ‘एकदा अवश्य भेट द्या’ अशी भाषा, आणि शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. मी एका टिचकीत सगळे उलटवले, म्हणजे काढून टाकले, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला : ‘असंदर्भित’. संध्याकाळी तो मजकूर परत आला. मी परत काढला. तिसऱ्यांदा तो आला नाही. त्याऐवजी माझ्या चर्चापानावर, म्हणजे मला निरोप ठेवायच्या पानावर, एक ओळ आली : ‘सर, मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे आमच्याकडे आजीला माहीत आहे, पुस्तकात नाही. मग हे कुठे लिहायचे?’

त्या दिवसांत मी लेकीच्या बाळंतपणासाठी पिंपरीला होतो. ती ओळ अकरा दिवसांनी वाचली. लांबलचक उत्तर लिहिले, माफीही मागितली. त्या नावाने त्यानंतर तिथे एक अक्षर उमटलेले नाही.

मग मी पानाच्या इतिहासातून त्या मुलीचा मजकूर काढून पहिल्यांदा नीट वाचला. होय, पहिल्यांदाच, दोन्ही वेळा काढताना मी तो चाळला होता, वाचला नव्हता. त्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, छबिन्याची मशाल कोणत्या घराण्याकडे, तिचे तेल कोण देते, पालखी कोणत्या आळीत का थांबत नाही आणि कुस्त्यांच्या फडात पहिला नारळ कोणाच्या हातचा, हे सगळे क्रमाने लिहिले होते. असल्या गोष्टी जिला तोंडपाठ असतात ती आजी किती वर्षे पुरणार? मी त्यात वेलांट्या मोजत बसलो होतो.

आता नियमाची बाजूही सांगतो, कारण नियम चुकीचा नाही. विकिपीडियावर स्वतःच्या आठवणीवर, ऐकिवावर लिहायचे नसते. आधी कुठेतरी छापून आलेले, दुसऱ्याला पडताळता येईल असे हवे. हे जाचक वाटते खरे. पण हा नियम नसता तर पहिल्या खांद्याचा मान आमचाच, असे सांगणारी चार घराणी त्या पानावर रोज एकमेकांचे लिहिलेले पुसत बसली असती. गावात जे भांडण पंचांपुढे मिटत नाही ते इथे मिटवायला एकच साधन आहे : दाखवा, कुठे छापले आहे. आजीची मुलाखत ध्वनिमुद्रित करून तोच संदर्भ धरावा, असाही एक प्रयोग २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता. मला तो विचार आवडतो, पण नेहमीची रीत अजून छापील पुराव्याचीच आहे.

म्हणजे मी तो मजकूर काढला, हे नियमाला धरून होते. चुकले ते बोलण्यात. ‘बाई, लेख चांगला आहे. धूळपाटीवर ठेवू. यात्रेच्या बातम्यांची कात्रणे मिळतात का बघ, शाळेची किंवा देवस्थानाची जुनी स्मरणिका असेल तर तीही आण, त्यात जेवढे सापडेल तेवढे आज घेऊ, बाकीचे राहू दे’ एवढे लिहायला मला दोन मिनिटे लागली असती. प्रेसमध्ये नव्या कंपोझिटरला मी गॅली फेकून मारली असती तर मालकाने मलाच घरी पाठवले असते. इथे मालक नाही, त्यामुळे मला कोणी विचारले नाही. तिथे जे जुने, जाणते सदस्य आणि जादा अधिकार असलेले प्रचालक आहेत त्यांना मी नावे ठेवत नाही. माणसे थोडी, कचरा फार. रोज तोच तो उपसून कोणाचाही आवाज चढतो. पण नवीन माणसाला त्याच्या आयुष्यातले पहिले संपादन कसे वागवले गेले हे आठवते, आपल्याला ते त्या दिवसाचे चाळिसावे असते.

थोडी म्हणजे किती, तेही सांगतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. लेख आता लाखाच्या घरात आहेत आणि त्यांत रोज नेमाने काम करणारी माणसे एका एसटीत मावतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले, फ्लेक्स लागले. एका फ्लेक्सवर ‘अभीजात’ होते. मी खालून हात जोडले आणि पुढे गेलो. तिथे ‘संपादन’ची कळ नव्हती.

लाखाच्या आकड्यावर मात्र फार भुलू नये. त्यात हजारो पाने आपल्या खेड्यांची आहेत आणि त्यांतली पुष्कळ निव्वळ साचे आहेत. गावाचे नाव, तालुका, जिल्हा, आणि खाली ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ अशी मथळ्यांची ओळ. मथळ्यांखाली काही नाही. घर बांधून, दारावर पाटी लावून मालक परगावी गेल्यासारखे. नवीन माणसाने सुरुवात करावी तर इथून. नवा लेख लिहायच्या भानगडीत पहिल्याच दिवशी पडू नये.

मी दर शनिवारी दुपारी तीन ते पाच आमच्या वाचनालयात बसतो. त्या मुलीनंतर हा परिपाठ ठेवला आहे. कधी चारजण येतात, कधी कोणीच नाही. मागे साठी उलटलेल्या एक बाई आल्या. ‘मला टाइप येत नाही’ हे त्यांचे पहिले वाक्य. त्यांना फोनवर बोलून लिहायला शिकवले. विरामचिन्हे फोन खातो, ती नंतर हाताने घातली. कोणत्या गावाचे पान काढू विचारले तर म्हणाल्या, ‘आधी माहेरचं बघते. सासरचं नंतर.’ माहेरच्या पानावर पाचही मथळे कोरे! वाचनालयात जनगणनेची जिल्हा पुस्तिका होती. तीत गावोगावच्या शाळा, दवाखाना, पाणी, टपाल अशी नोंद असते, हे कित्येकांना ठाऊक नसते. बाईंनी पुस्तिकेतून पाहून ‘नागरी सुविधा’खाली तीन वाक्ये घातली आणि खाली संदर्भ दिला. उठताना म्हणाल्या, आता हे अमेरिकेतल्या भाच्याला दिसेल का? मी म्हटले, आत्ता दिसेल. त्यांनी तिथेच त्याला फोन लावला; तिकडे पहाटेचे चार वाजले होते.

या कोशावर लिहिणाऱ्यांत बायका फार थोड्या आहेत, आणि हे जगभर असेच आहे. त्यामुळे ओव्या, उखाणे, वाळवणे, बाळंतिणीची खोली यांची पाने हडकुळी आणि क्रिकेटपटूंची धष्टपुष्ट. हे मी पुरुष असून कबूल करतो.

ज्यांना लिहायचेच नाही त्यांनी फोटो द्यावा. गावची वेस, वीरगळ, बारव, बैलगाडीचा जुना साटा. फोटो स्वतः काढलेला हवा, व्हॉट्सॲपवर आलेला चालत नाही. आणि एक गोष्ट आधीच समजून द्यावा : एकदा दिला की श्रेय देऊन तो कोणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. उद्या एखाद्या मिसळवाल्याने तुमचा घाट आपल्या पाटीवर छापला तर भांडायला जाता येणार नाही.

दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवू नये. विकिपीडियावरचे मोफत असते म्हणून विकिपीडियावर टाकायचेही मोफत असते, असा एक घोळ पुष्कळांच्या मनात असतो. वाचावे, पुस्तक मिटावे, आपल्या शब्दांत लिहावे. केतकरांच्या ज्ञानकोशाची गोष्ट वेगळी. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली वारले आणि स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत केव्हाच सरली आहे. पण त्यातले शंभर वर्षांपूर्वीचे आकडे आजचे म्हणून चिकटवणारेही मी पाहिले आहेत.

स्वतःविषयी, स्वतःच्या संस्थेविषयी, आपल्या साहेबांविषयी लिहू नये. ‘कार्यसम्राट’, ‘युवकांचे आशास्थान’ ही विशेषणे वाढदिवसाच्या फलकावर शोभतात. यंत्राने केलेले भाषांतर तर वाचल्याशिवाय चुकूनही टाकू नये. कृष्णेच्या ‘डाव्या बँकेवर’ वसलेले एक गाव मी स्वतः पाहिले आहे. आत जाऊन खाते उघडावेसे वाटले. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले लेख येतात, त्यांत वेलांट्या बिनचूक असतात आणि खाली दिलेली पुस्तके कधी निघालेलीच नसतात. त्यापेक्षा मला ती ‘आमच्या गावची यात्रा’ परवडली.

खाते उघडायला दोन मिनिटे लागतात. खरे नाव देण्याची सक्ती नाही. ईमेल देणेही ऐच्छिक आहे, पण द्यावा. संकेतशब्द विसरला तर त्याशिवाय मार्ग नाही. (विसरतोच.) मराठी उमटवायची सोय तिथेच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही.

आता आपल्याकडे एक मागणे. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्याकडे होते, उरलेले अर्धे आपल्यासारख्या वर्तमानपत्रांकडे आहे. गावोगावच्या यात्रा, तालमी, बाजार, बंद पडलेल्या पेठा, शंभरी गाठलेल्या शाळा यांच्याविषयी लिहून येते ते तालुक्याच्या पानावर, दुसरीकडे कुठे नाही. आपल्या बातमीदाराने ‘यात्रा उत्साहात संपन्न, अमुक-तमुक मान्यवर उपस्थित’ यापुढे चार ओळी जास्त लिहिल्या, पालखीचा क्रम लिहिला, मशालीच्या तेलाचे लिहिले, तर ते कात्रण उद्या कोशाचा संदर्भ होते. मान्यवर कोण होते हे पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. आणि संकेतस्थळावरच्या जुन्या बातम्यांचे दुवे कृपा करून बदलू नयेत. आम्ही पानाखाली दुवा देतो, दोन वर्षांनी दाबून बघतो तर तिथे केस गळतीवरची जाहिरात.

केतकरांनी तेवीस खंड काढले ते मंडळी (कंपनी) काढून, तिचे भाग (शेअर) विकून, आगाऊ वर्गणीदार जमवून. कोशाला पैसे देणारा शिक्षक, वकील, मामलेदार त्यांना गावोगाव शोधावा लागला. आजच्या कोशाला वर्गणी नको आहे, शनिवारची दुपार हवी आहे. मी त्या मुलीचे गाव ओळखतो. एसटीने पाऊण तासाचे अंतर. येत्या यात्रेला जाणार आहे, वही घेऊन, आणि जमले तर आपला तालुक्याचा बातमीदार बरोबर घेऊन. नियमाप्रमाणे मी ऐकलेले मला लिहिता येणार नाही. त्याने ऐकून छापलेले येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
वाई, जि. सातारा

ता. क. : तक्रार करणाऱ्या त्या वाचकांच्या गावाचे पान मी उघडून पाहिले. तालुका खरोखरच चुकला आहे. जनगणनेच्या पुस्तिकेतला त्यांच्या गावाचा पान क्रमांक मी चिठ्ठीवर टिपून ठेवला आहे. दुरुस्ती एका शब्दाची. अजून मी तिला हात लावलेला नाही. त्यांच्या नातवाने करावी अशी इच्छा आहे. पंधरा दिवस थांबतो. मध्येच दुसऱ्या कोणी केली तर माझा इलाज नाही.